पाच कोसांचा पट

“अबे समोरून धर त्याले! बाजूनं काय धरतं, बकरी हाये काय ते?”

शालिग्राम पाटील ओरडत होते आणि चार गडी मिळून पाखऱ्याला आवरत होते. पाखऱ्या आवरत नव्हता. तोंडाला फेस आला होता, पुढच्या खुरांनी त्याने वीतभर माती उकरली होती. जोडीचा हरण्या मात्र मान खाली घालून उभा. हरण्या तसाच होता. सुटेपर्यंत गरीब, सुटला की कोणाचा नाही. मी छकडीवर उकिडवा बसलो होतो. पटाची छकडी म्हणजे काय, दोन चाकं, एक दांडी आणि बसायला हातभर फळी. कासरा माझ्या दोन्ही मुठींत होता आणि माझी छाती पाखऱ्यापेक्षा जास्त उड्या मारत होती.

शंकरपटाचा तिसरा दिवस होता. दोन दिवसांत बारा गावांच्या जोड्या पळाल्या आणि गळाल्या. आता दोनच राहिल्या होत्या, आमच्या पाटलांची आणि कामरगावची. शेवटची दौड. चारशे हातांचा पट आणि दोन्ही बाजूंनी नुसती माणसं. बाभळींवर माणसं, उभ्या गाड्यांवर माणसं, भज्यांच्या दुकानाच्या छपरावर माणसं. डफडं असं वाजत होतं की दात हलत होते.

कामरगावची जोडी हाकणारा धुरकरी माझ्याकडे पाहून ओरडला, “ओ ख्रिस्ती! आज कोणाच्या नावानं जोडी हाकलतं?”

“तू हाकल तं पयले,” मी म्हणालो. “नाव तुले मांगून सांगतो, पोचल्यावर.”

लोक हसले. पाटीलही हसले. मी धुरकरी बरा होतो, हे मी माझ्या तोंडाने सांगू नये, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. जातीने मला वाळीत टाकलं, न्हाव्याने वस्तरा बंद केला, थोरल्या भावाने घरातून काढलं, पण पाटलांनी कासरा काढून घेतला नाही. “देव कोणताई करा लेको,” ते म्हणायचे, “पाखऱ्या जगद्याशिवाय पयत नाई, त्याले मी काय करू?”

त्या दौडीवर माझं काय लागलं होतं ते सांगतो. आदल्या दिवशी पाटलांनी मला गोठ्यात बाजूला घेतलं होतं. “जोडी पयली आण, जगद्या. इहिरीचं मी पाह्यतो. पंचायतीत मंधात उभा राहून सांगतो, जगदेवच्या घरचा पोहरा इहिरीत पडन म्हणजे पडन. मंग पाह्यतो कोण नाई म्हणते.”

चार वर्षं आमचा पोहरा गावच्या विहिरीत पडला नव्हता. माझी बायको पंचफुला अर्धा कोस चालून नाल्याच्या रेतीतलं पाणी आणायची. सकाळी दोन खेपा, सांजेला दोन. उन्हाळ्यात नाला आटला की पुढे नदीपर्यंत. बाप्तिस्मा घेऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती नेहमीसारखी विहिरीवर गेली होती. माझी भावजय गोमतीबाई तिथे उभी होती. तिने पंचफुलाच्या हातातली घागर घेतली आणि सगळ्यांच्या देखत पायरीवर आपटली. मातीची घागर, फुटायला किती वेळ. पंचफुला खापरं पदरात वेचून घरी आली. दुसऱ्या कोणाच्या पायात जायला नकोत म्हणून.

हा ख्रिस्ती होण्याचा विचार माझा नव्हता. तिचा होता. वाशीमचे बाबूलाल मास्तर बाजाराच्या दिवशी सायकलवर यायचे, लिंबाखाली चिपळ्या वाजवून येशूची गाणी म्हणायचे आणि मग गोष्ट सांगायचे. मी गाण्यापुरता थांबायचो. ती गोष्टीला थांबायची. एका बाजाराच्या दिवशी, गुरूने चेल्यांचे पाय धुतल्याची गोष्ट झाली.  घरी भाकर थापता थापता ती एकदम म्हणाली, “एवढा मोठा असून पाय धुतले म्हणते. आपल्याइकडं तं चेलाच धुते. अशाच्या मांगं जायाले काय हरकत हाये?” मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. विसरली नाही. आमची दोन लेकरं गेली होती, घरात तिसरं कोणी नव्हतं, आणि तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. ती नदीत उतरली म्हणून मी उतरलो. माझा धर्म म्हणाल तर एवढाच होता.

तर त्या दिवशी माझ्या मनात येशू नव्हता. माझ्या मनात ती विहीर होती. मी पंचफुलाच्या डोक्यावरच्या चार खेपा मोजत होतो आणि पाखऱ्याला म्हणत होतो, बाप्पा, आज पाय उचल.

तेवढ्यात कामरगाववाल्यांनी कटकट काढली. त्यांच्या बाजूला खड्डा आहे, बाजू बदलून द्या. पंच उठले, खड्डा पाहायला गेले. गड्यांनी बैलांवरची पकड जरा सैल केली. आणि पटाच्या पार त्या टोकाला गलका झाला. लोक शिट्या वाजवायला लागले.

“बाईची जोडी सुटली रे!”

“अवो बाई, बैलं कुठी राह्यले?”

पटाच्या मधोमध एक बाई पळत येत होती. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत होती, मग येणार कुठून, ती सरळ पटातूनच आली. कासोटा खोचलेला, पदर खांद्यावरून गळालेला. पंचफुला पटात कधी आली नव्हती. तिला ते पैज-बीज आवडत नसे. ती आली आणि तिने पाखऱ्याचं जू धरलं. जो चार गड्यांना आवरत नव्हता तो पाखऱ्या तिला हुंगून गप उभा राहिला.

“जोडी काढा,” ती म्हणाली. तिला दम लागला होता. “जाऊबाई मरून राह्यल्या.”

“काय झालं?”

“लेकरू आडवं हाये. हात बाहीर आला, तो बी थंडा पडला. प्रयागबाई दाई म्हणे माह्या हातचं काम नाई हे. वाशीमले न्याव लागते, मिशनच्या दवाखान्यात.”

गोमतीबाईला दोन दिवसांपासून कळा येत होत्या हे मला माहीत होतं. गावाला माहीत होतं. “दादा काय म्हणते?”

“हाव म्हणत नाईत, अन् नाई बी म्हणत नाईत. भिंतीले डोकं लावून बसले हायेत. मी घरात शिरली, तं काई बोलले नाईत.”

चार वर्षांत तिने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. ती रस्त्यावरून ओरडणं ऐकत राहिली आणि मग आत शिरली.

“घरचे बैल जुपा ना,” मी म्हणालो.

“त्या बैलांनं दिवस मावयते. तेवढा वेय नाई तिच्यापाशी.”

पाटील जवळ आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हळू म्हणाले, “पोरी, एक दौड होऊ दे. डोया लवते न लवते तं होते.”

“अन् मंग, पाटील?” पंचफुला म्हणाली. “मंग पाच कोस जातीन हे?”

 शेवटची दौड मारलेला बैल दोन घटका पाय उचलत नाही, हे पाटलांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार. छाती भात्यासारखी होते, त्याला हिंडवावं लागतं, चोळावं लागतं. जोडी एकच गोष्ट करू शकत होती. पट, नाहीतर वाशीम.

आजूबाजूला लोक गोळा झाले. डफडं थांबलं. पाटलांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा बैलांकडे. बाळंतीण मरत असताना साऱ्या पटासमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी ते ओझं काढून माझ्या अंगावर टाकलं.

“जोडी माही हाये, जगद्या, पण जबान तुही. तू म्हण पट, तं पट. तू म्हण वाशीम, तं ने. पण नेली तं मंग इहिरीची गोठ माह्यापाशी काढायची नाई. अन् या कासऱ्याले बी पुन्हा हात लावायचा नाई.”

मी खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी आणि ती खापरं होती. मी पंचफुलाला बाजूला ओढलं आणि दातांत म्हणालो, “तिनं तुही घागर फोडली.”

“फोडली. मंग?”

“मंग काय मंग? तुह्याच पाण्यासाठी बसलो मी इथं. जिंकली का चार खेपा बंद होतीन तुह्या. आयुष्यभराच्या.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. जरा नवल वाटल्यासारखी. म्हणाली, “त्याच्या मांगं चालाचं म्हणून नदीत उतरलो ना आपण? का नुसती आंघोय केली?”

कोणीतरी मागे फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. माझे कान तापले. चार वर्षं मी रविवारी तिच्यासोबत वाशीमला जाऊन बसत होतो, उभं राहा म्हटलं की उभा राहत होतो, आणि हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

मी छकडीवरून उतरलो. “वाशीम,” मी म्हणालो.

पाटलांनी मान फिरवली. कामरगावच्या लोकांनी टोप्या उडवल्या. न पळता त्यांची जोडी पहिली आली होती.

पटाची छकडी काय कामाची, माणूस निजवायला गाडी पाहिजे. दादाची हलकी गाडी, रेंगी, अंगणात होती. तिच्यात कडबा टाकला, गादी टाकली. गोमतीबाईला चौघींनी उचलून आणलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. प्रयागबाई दाई उशाशी बसली, पंचफुला मागे लाकूड धरून उभी राहिली. नानाजीदादा दारात उभा. मी म्हणालो, “दादा, बस समोर.” तो बसला नाही. माझ्याजवळ एका गाडीत कसा बसणार, जात पाहत होती. म्हणाला, “तू हाक. मी मांगून येतो पायी.” चार वर्षांत तो माझ्याशी बोललेली ती पहिली गोष्ट.

मी जोडी जुपली आणि आरोळी दिली.

आणि काय सुटले ते! गाव मागे कधी पडलं कळलं नाही. कोंबड्या उडाल्या, कुत्री पळाली, प्रयागबाई “अवो माय, अवो माय” करत गाडीच्या काठाला चिकटली. मला वाटलं, असे गेलो तर तासाभरात वाशीम. आणि गावाबाहेर, बरोबर चारशे हातांवर, पाखऱ्या आणि हरण्या खाडकन थांबले. थांबले आणि मागे तोंड करून उभे राहिले.

पटाचे बैल ते. त्यांना जन्मात एवढंच शिकवलं होतं. आरोळी झाली की सुटायचं, पट संपला की थांबायचं, मग कोणीतरी कासरा धरून परत नेणार, गूळ देणार. पाच कोसांचा रस्ता त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. हे माझ्या ध्यानात आधी यायला पाहिजे होतं. माझ्याशिवाय कोणाच्या येणार? पण आलं नव्हतं.

मी चुचकारलं. कासरा ओढला. पाखऱ्या माझ्याकडे पाहायला लागला, गूळ कुठे आहे म्हणून.

“काय झालं?” पंचफुला मागून.

“पट सरला म्हणते ते.”

“मंग दुसरा पट लावा ना!”

“झेंडा लागते, आरोयी लागते, माणसं लागतात...”

“कोणती आरोयी?”

“‘सोड’ म्हणते झेंडेवाला.”

तर माझी बायको, जिने कधी उंच आवाजात नवऱ्याला हाकही मारली नाही, ती रेंगीत उभी राहिली, डोक्यावरचा पदर काढून हातात धरला, तो झेंड्यासारखा वर नेला आणि ओरडली, “सोऽऽऽड रे!”

सुटले! हातात वीज धरल्यासारखा कासरा झाला. पुन्हा चारशे हात, पुन्हा खाडकन थांबणं, पुन्हा मागे तोंड. पुन्हा तिचा पदर वर. “सोऽऽऽड!” शेतात तूर कापणाऱ्या बाया विळे धरून उभ्या राहिल्या. एक गुराखी हसून हसून बांधावर बसला. प्रयागबाईने कपाळावर हात मारला. “अवो पंचफुला, तू बाई हायेस का पटाचा पंच?” आणि त्या सगळ्या कळांत गोमतीबाईच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. लगेच ते विव्हळणं झालं.

मोजले नाहीत, पण पंधरा-सोळा पट झाले असतील. पंचफुलाचा आवाज बसला. शेवटी नुसता पदर वर जायचा आणि मीच आरोळी द्यायचो. मग कधीतरी ते थांबलेच नाहीत. दुडक्या चालीने चालतच राहिले. त्यांना कळलं असावं की या पटाला शेवट नाही.

नदी आली. माघाचा महिना, पात्रात नुसती रेती. मधोमध गोमतीबाई म्हणाली, “पाणी.”

पंचफुलाने घरून तांब्या आणला होता, भरलेला. तिने तो पुढे केला. गोमतीबाईने डोळे उघडले, तांब्याकडे पाहिलं, तांब्या धरणाऱ्या हाताकडे पाहिलं, आणि मान फिरवली. “तुह्या हातचं नोको.”

मी मागे वळून ओरडलो, “मरायले टेकली तरी ऐट पाहा! पाज तिले जबरदस्तीनं. कोण पाह्यते इथं?”

“थांबवा गाडी,” पंचफुला म्हणाली.

“थांबवणार नाई. एक-एक घटका...”

“थांबवा म्हटलं ना.”

ती खाली उतरली. गुडघे टेकून दोन्ही हातांनी रेती उकरू लागली. हातभर खाली पाणी लागलं. गढूळ. तिने ते दोनदा उपसून टाकलं. मग बसून राहिली, पाणी निवळायची वाट पाहत. मी कासरा धरून तडफडत होतो. पाखऱ्याचे पाय थरथरायला लागले होते. त्याला उभं ठेवणं बरं नव्हतं, आणि ही बाई रेतीत बसून झिऱ्याकडे पाहत होती, जसं काही जगात दुसरं काम नाही.

पाणी स्वच्छ झाल्यावर ती उठली, चार पावलं दूर झाली. “प्रयागबाई, तुमी उतरा. तुमच्या हातानं घ्या, तुमच्या पदरानं गाळा. मी शिवली नाई वरच्या पाण्याले.”

प्रयागबाईने ओंजळीने नेऊन पाजलं. दोन ओंजळी. गोमतीबाई प्यायली.

पुढे लागल्यावर मी पंचफुलाला म्हणालो, “तुह्यासारखी येडी पाह्यली नाई. अडली होती, प्याली असती तुह्या हातचं. जिरली असती तिची.”

“अडली होती म्हणूनच,” ती म्हणाली. बसलेल्या आवाजात मला नीट ऐकूही आलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाली, “बैलं पाहा. पाखऱ्या डावीकडं झुकून राह्यला.”

झुकतच होता. शेवटचा कोस मी खाली उतरून त्याच्या मानेशी खांदा लावून पळालो. दवाखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा ऊन कलायचं होतं. लोक धावत आले, गोमतीबाईला आत नेलं. गोरी डॉक्टरीण मडम हात धूत धूत माझ्यावर खेकसली, “दोन दिवस काय करत होता? तुम्ही नवरा?”

“नाई, दीर.”

“नवरा कुठे आहे?”

“येऊन राह्यला. मांगून, पायी.”

ती अशी पाहायला लागली की या लोकांचं काय करावं, आणि दार लावून घेतलं.

पाखऱ्या आवारातल्या लिंबाखाली बसला. आधी पुढचे पाय, मग मागचे. हरण्या त्याच्याजवळ उभा राहिला. मी त्याची छाती चोळत होतो, पंचफुला पदराने वारा घालत होती. आत काय चाललं ते कळत नव्हतं. दादा आला तेव्हा त्याच्या पायांतून रक्त येत होतं. तो आमच्यापासून दहा हातांवर बसला.  आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, जिवंत. मी उडालोच. पंचफुलाने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली बसली. नर्सने दार उघडून सांगितलं, मुलगी आहे, आई पण ठीक आहे. दादा आमच्याकडे पाहून हसला. विसरला बिचारा. मग आठवलं तसा उठून आत गेला.

त्या मुलीचं नाव रामी.

पाखऱ्या वाचला, पण त्याची छाती गेली. दहा पावलं चालला की धापायचा. तिसऱ्या दिवशी त्याला हळूहळू चालवत गावी नेला. पाटील गोठ्याच्या दाराशी उभे होते. त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकले आणि हा एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडला. मी कासरा त्यांच्या पायाशी ठेवला. ते म्हणाले, “तुहा देव मोठा झाला, जगद्या. बैल माहा गेला.”

ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. आजही नाही. बाबूलाल मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “पाटलाच्या वावरात राबून ये काही दिवस.” मी दोन हंगाम त्यांच्या वावरात वखराची पाळी घातली, मजुरी न घेता. पाटलांनी कधी जा म्हटलं नाही, कधी ये म्हटलं नाही.

गावाचं म्हणाल, तर काही बदललं नाही. गोमतीबाई पंधरा दिवसांनी घरी आली. ख्रिस्ती दवाखान्यात राहिली म्हणून जातीने दादाला शुद्धीचं जेवण घालायला लावलं. बुंदीचा वास आमच्या झोपडीपर्यंत आला. आम्हाला बोलावणं नव्हतं. पंचफुला म्हणाली, “आपल्यामुयं साऱ्या गावाले बुंदी झाली, पाहा,” आणि घागर घेऊन नाल्याकडे गेली. मी तिच्यासोबत गेलो. त्या दिवसापासून दोन खेपा मी आणत असे. गावातले पुरुष हसायचे, बाईचं काम करते म्हणून. हसू दे. माझे हात कासऱ्यासाठी झाले होते, आता त्यांत घागर होती, एवढंच.

पण एक सांगतो. त्या दिवसानंतर रविवारी उभं राहा म्हटलं की मी आपोआप उभा राहायचो नाही. उभा राहायचो, पण मला ठाऊक असायचं की मी उभा राहिलो.

यंदाच्या कार्तिकात ती गेली. ताप आला, तीन दिवस राहिला, चौथ्या दिवशी ती राहिली नाही. त्या पटाला अकरा वर्षं झाली होती. बाबूलाल मास्तर आले. आता म्हातारे झाले, सायकल हातात धरून चालत आले. वाशीमहून आणखी पाच जण आले. माझ्याच वावराच्या कोपऱ्यात तिला ठेवलं. गाव आलं नाही. गोमतीबाई बांधापर्यंत आली. बांधाच्या अलीकडे आली नाही, पण शेवटची माती पडेपर्यंत उन्हात उभी होती. रामी तिचा हात धरून होती.

महिन्याने नानाजीदादा माझ्या दारात आला. थकला आहे तोही. ओट्यावर बसला, बिडी काढली, पेटवली नाही.

“किती दिवस एकटा शिजवून खाशीन?” तो म्हणाला. “मी पंचाईशी बोललो. मुंडन कर, पंचगव्य घे, जेवण मी घालतो. घर तुहं हाये, इहीर मोकयी हाये. गोमती म्हणे, भाऊजीले आणा घरी. तिनंच धाडलं मले.”

मी ओट्याच्या कडेची माती नखाने खरवडत होतो.

“तू कुठी मनानं गेला होता, जगदेव? तू तं तिच्या मांगं गेला होता. आता ती नाई. मंग कायले?”

तो वाईट बोलत नव्हता. आईबाप गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. आणि तो म्हणत होता ते खरं होतं. मी तिच्याच मागे गेलो होतो. मी त्याला नाही म्हणालो नाही. विचार करतो म्हणालो.

दोन दिवस विचार केला. झोपडीत भाकर करपली तरी सांगायला कोणी नव्हतं. दादाच्या घरात सकाळ-संध्याकाळ बोलणं असतं, लेकरं असतात, ताटात गरम वाढलेलं असतं. एकट्या माणसाला काय काय वाटतं ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे उठलो, अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. दादाच्या घरावरून वाट जाते. तो दात घासत उभा होता. मला पाहून त्याला वाटलं, मी त्याच्याकडेच आलो. आत वळून म्हणाला, “अवं, चहा ठेव.” मग माझ्या हातातली काठी पाहिली.

“कुठी निंगाला?”

“वाशीमले.”

“आता कायले?”

“इतवार हाये,” मी म्हणालो. “येतो, दादा. वयनीले सांगजो, तिचा निरोप पोचला म्हणून.”

 मी पुढे निघालो.

वाशीमच्या गाडीवाटेला दोन चाकोऱ्या आहेत, मधे गवताचा पट्टा. आम्ही जायचो तेव्हा डावीतून मी आणि उजवीतून ती, आणि गवतावरून बोलणं चालायचं. त्या दिवशी डावीत जागोजाग चिखल होता, उजवी कोरडी होती. मागून येणारा एक गाडीवान म्हणाला, “बाबा, तिकून चाला ना, कोरड्यातून.”

मी त्याला राम राम केला आणि पाचही कोस डावीतूनच गेलो.